होडीत कुंड्या लावू नका

बापाची होडी बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या हिवाळ्यात ती उपडी केली, कुजलेल्या चार फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठोकला, मुशीचं तेल पाजलं. राहिली फक्त सुकाणूजवळची बसायची जागा, आणि भांडण तिथंच पेटलं.

पुतण्या म्हणतो, "काका, मागं गादी टाकू, स्टीलचं रेलिंग लावू, फोटो झकास येतो." त्याचं एक सोडा, पोर आहे. पण गावाच्या वेशीवर कमान होणार आहे, तिच्याशेजारी चौथऱ्यावर ही होडी ठेवून आत फुलझाडं लावायची, असं काही मोठ्या मंडळींनी माझ्या परस्पर ठरवलंय. आपली संस्कृती म्हणे! अहो, चौथऱ्यावरच्या होडीला सुकाणू कशाला? आणि सुकाणू नसेल तर ती होडी कसली, लाकडाची कुंडी झाली.

मी जागा कशी करतोय ते सांगतो. बाक खाली, तळापासून जेमतेम दीड वीत. शीड फिरतं तेव्हा त्याचा वासा डोक्यावरून गेला पाहिजे. बाकाला व्हार्निश नाही, ओल्या अंगानं माणूस घसरतो. तळाशी आडवी पट्टी, होडी कलली की पाय तिथं रोवायचा. तळाच्या फळ्या ठोकून टाकलेल्या नाहीत. त्या उचलल्याशिवाय पाणी उपसणार कसं? उपसायचा डबा सुतळीनं बांधलेला. शिडाच्या दोराला गाठ नाही. खुंटीला दीड वेढा आणि टोक हातात, म्हणजे वाऱ्याचा झोत आला की झटक्यात सोडता येतो. सुकाणूच्या बिजागऱ्या पितळेच्या, बोल्टही पितळेचे. सुतारानं लोखंडी आणले होते ते परत पाठवले. खाऱ्या पाण्यात पितळेच्या संगतीला लोखंड टिकत नाही.

बाप म्हणायचा, "हाताला लागंल तीच वस्तू कामाची. दर्यान उठून शोधाला गेलास, त गेलास."

17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. 95 गावांच्या जमिनी नव्या शहरात गेल्या. आमच्याकडे मोजणीवाले आले, त्यांनी खाचर मोजलं, खारबांध मोजला, झाडंसुद्धा मोजली. होडी बांधायचा खुंट कुणी मोजला नाही. पुढं 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई-दास्तान फाट्याकडे गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या रक्तावर साडेबारा टक्के भूखंडाची योजना उभी राहिली. पण खाडीला सातबारा नाही, म्हणून खाडीतले साडेबारा टक्के मागायचं आमच्या गावात कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. उलट भूखंड विकून आमच्यातल्याच काहींनी बंगले बांधले, फाटकावर नांगर रंगवला आणि जुन्या घराचं डेब्रिज रातोरात खाडीकाठी ओतलं. बाहेरच्यांना शिव्या घालताना हे मधलं पान आम्ही गपचूप उलटतो.

बाप पहाटे मतलई वाऱ्यावर, ओहोटीबरोबर बाहेर पडायचा आणि दुपारी दर्याचा वारा धरून भरतीबरोबर बेलापूरच्या खाडीत परत शिरायचा. वारा अजून तसाच येतो. पण आज होडी पाण्यात उतरवायची तर चार माणसं लागतात, डेब्रिज आणि प्लास्टिक तुडवत, गुडघाभर चिखलातून. त्यातही उधाणाची भरती बघावी लागते. भांगाला पाणी काठापर्यंत येतच नाही.

तेव्हा कमानीसाठी वर्गणी मागायला येणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पावती फाडा, मी पैसे देतो. पण त्या पैशांतून आधी काठ साफ करा आणि दहा हात रुंद दगडी उतार बांधा. चौथऱ्यासाठी होडी मिळणार नाही. हवी तर सिमेंटची करून घ्या, तिच्यात लावा काय लावायची ती झाडं.

काल संध्याकाळी पुतण्या नव्या बाकावर बसला. सुकाणूचा दांडा बगलेत धरला, पाय पट्टीला लावले आणि म्हणाला, "काका, ही पट्टी फार जवळ आली. माझं गुडघं वर येतात."

त्याचे पाय माझ्याहून लांब आहेत. मी स्क्रू काढले आणि पट्टी चार बोटं पुढं सरकवली.