काठावरचे खातेदार

नाशिककराला पाण्याची खोली फुटपट्टीने सांगावी लागत नाही. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याशी आले, कमरेशी आले की गळ्याशी, एवढे म्हटले की साऱ्या गावाला पुराची कल्पना येते. आमच्या पिढीचा जलविहार म्हणजे घाटावरून मारलेल्या उड्या आणि घरी गेल्यावर पाठीत बसलेला धपाटा. माझ्या नऊ वर्षांच्या नातवाचे पाणी मात्र सोसायटीच्या टाकीतून येते. डिसेंबरच्या सुटीत त्याने ‘तळ्याकाठी तंबूत राहायचं’ असा हट्ट धरला आणि जावईबापूंनी फोनवरच भंडारदऱ्याचे दोन तंबू ठरवून टाकले. आमच्या हिचा प्रश्न एवढाच होता, ‘‘खाली बसाल हो, उठवणार कोण?’’

भंडारदरा तसा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला. पण नाशिकहून मुंबई महामार्गाने घोटी गाठायची, डावीकडे वळायचे, बारी गावापाशी कळसूबाईला गाडीतूनच हात जोडायचे, की शेंडी आलेच. सत्तरेक किलोमीटरचा रस्ता. त्यामुळे आम्ही नाशिककर त्याला आपलाच मानतो. मला तर जरा जास्तच हक्काने मानता येतो. ऐंशीच्या दशकात बँकेच्या नोकरीत उमेदवारी संपवून मी याच तालुक्यातल्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. म्हशी, शेळ्या, विहिरी, इंजिने यांच्या अर्जांवर मी इतक्या सह्या केल्या आहेत, की नंतर कादंबऱ्या लिहिताना हात दुखला नाही.

तंबू काठापासून थोडे वर, उतारावर होते. तंबूवाला तिशीतला, तिथल्याच वाडीतला. त्याची बायको आणि आई चुलीपाशी. संध्याकाळी नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा समोर आला. घरी भाजी पाहून नाक मुरडणारे चिरंजीव तीन भाकऱ्या खाऊन मोकळे झाले. सूर्य रतनगडाकडे कलला तशी पाण्यावरून थंडी चालत आली आणि आम्ही मिळतील तेवढ्या शाली गुंडाळून बसलो.

त्याआधी होडीतून एक फेरी झाली होती. तंबूवाल्याने प्रत्येकाला लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडली नाही. ‘‘मी गोदावरीत पोहलेला माणूस आहे,’’ असे मी म्हणून पाहिले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘बाबा, नदी सांगून खोल होती. हे पाणी सांगत नाही.’’ मी मुकाट्याने पट्टे आवळले. त्याचे खरेच होते. धरणाचे पाणी म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे. त्याच्या पोटात दरी असते, काठाला गाळ असतो, आणि कालवर उथळ असलेली जागा आज उथळ असेलच असे नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धरणावर सहलीला गेलेली पोरे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

होडी मधोमध आली तेव्हा नातवाने विचारले, ‘‘काका, खाली काय आहे?’’

‘‘आमच्या पणज्याचं भाताचं खाचर हाय,’’ तो वल्हे न थांबवता म्हणाला.

नातवाला ती गंमत वाटली. मला वाटली नाही.

प्रवरेवरच्या या विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे ८२ मीटर आणि पाणी सुमारे ११ टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. जलाशयाचे नाव आर्थर लेक. ज्यांची खाचरे बुडाली त्यांचे नाव इथे कुठल्याच दगडावर मला दिसलेले नाही. हे पाणी रंध्याच्या धबधब्यावरून खाली उतरते आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जाते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तो याच पाण्यावर पिकलेल्या उसाच्या बळावर. महाराष्ट्राच्या सहकाराचे ते भूषण आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ठेव डोंगरातल्या महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची, व्याज मात्र खालच्या अंगाला जमा. ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ ही म्हण काही कवींनी रचलेली नाही. हंडा घेऊन उतार चढणाऱ्या बायांनी ती जगून दाखवली आहे.

आणि इथे मला माझाही एक अर्ज आठवतो. म्हणजे माझ्याकडे आलेला. जलाशयाकाठच्या एका वाडीतला तरुण होडीसाठी कर्ज मागायला आला होता. शनिवार-रविवार मुंबईची माणसे येतात, त्यांना फिरवीन, चहा करून देईन, असा त्याचा हिशेब. म्हशीला कर्ज द्यायचा नियम होता, होडीला नव्हता. मी सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘व्यवसाय अनिश्चित, तारण नाही, सबब नामंजूर.’ त्याला म्हैस घे म्हणून सुचवलेही. तो हसून निघून गेला. त्या रात्री शेकोटीपाशी मी हे तंबूवाल्याला सांगितले. वाटले होते, तो नाव विचारील. तो नुसते म्हणाला, ‘‘असे अर्जवाले लई होते, साहेब.’’ तोवर मी बाबा होतो; त्या वाक्यापासून साहेब झालो.

चाळीस वर्षांनी तोच नामंजूर व्यवसाय काठावर उभा आहे. भंडारदऱ्याला आहे, वैतरणेकाठी आहे, पवनेच्या काठी तर तंबूंची गावेच वसली आहेत. हौशी लोकांचे खूळ म्हणून याला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटते, वरच्या काठच्या माणसाच्या हातात धरणाचा रोख लाभ पडण्याचे जे थोडे मार्ग निघाले, त्यांतला हा एक. पाटाला चढ चढता येत नाही, तंबूला येतो.

म्हणूनच रात्री जे घडले त्याचे वाईट वाटले. पलीकडच्या तंबूंत पाच-सहा गाड्या आल्या. ध्वनिक्षेपक लागला. आमचा तंबूवाला तीनदा विनवायला गेला, तीनदा परत आला. सकाळी नातू तोंड धुवायला पाण्याकडे गेला तर तो माणूस वाकून काहीतरी वेचत होता. बाटल्यांच्या काचा. ‘‘गुरं पाण्यावर येत्यात, पोरं अनवाणी असत्यात,’’ एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

वाचकहो, हे सारे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात चालते. मे-जूनमध्ये इथल्या हिरड्या-सादड्यांवर काजवे लखलखतात. त्यांची ती लुकलुक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते आणि गाडीच्या दिव्यांत ती साद बुडून जाते. गर्दी इतकी होते, की वनखात्याला वेळेचे आणि आवाजाचे निर्बंध घालावे लागतात. आपण असेच वागत राहिलो तर पुढे काय होईल, याचा अंदाज बांधायला बँकेतला अनुभव पुरतो. दोन अपघात, चार तक्रारी, आणि तंबू बंद करण्याचा हुकूम. मग भिंत घालून, फाटक लावून कोणी बाहेरचा भांडवलवाला येईल. त्याच्या अर्जाला तारण असेल. तंबूवाल्याला त्याच फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मिळेल.

हे टाळायला आपल्याकडून फार लागत नाही. दरात घासाघीस नको. जॅकेटवरून वाद नको. रात्री दिवे आणि आवाज कमी. आणलेला कचरा आल्या पिशवीतून परत. उतरायचे असेल तर तिथल्या माणसाच्या तंबूत, त्याच्या चुलीपाशी.

निघताना जावईबापूंनी पैसे दिले. मी नातवाला हाक मारली. तो काठाशी उकिडवा बसून पिशवीत काचा भरत होता, जपून, बोटांच्या चिमटीने. ‘‘आजोबा, थांबा,’’ तो म्हणाला, ‘‘काकांच्या शेतावरच्या अजून थोड्या राहिल्यात.’’

आम्ही थांबलो. मीही वाकलो. उठवायला दोघांचे हात लागले, एक हिचा आणि एक तंबूवाल्याचा.