घशातलं ते टोचणं

गिळताना उजव्या बाजूला काहीतरी टोचायचं, माशाचा काटा अडकावा तसं. आमच्या घरात तर मासा शिजतही नाही! आम्ही पडलो मंगळवेढ्याचे, ज्वारीच्या गावचे. त्यामुळे 'हुरड्याचं कुसळ अडकलं असेल' असं निदान जाऊबाईंनी करून टाकलं. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, दृष्टसुद्धा काढून झाली. एक दाढ उगीचच गेली. दुखणं तिथल्या तिथं.

दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी माझ्यादेखत आमच्या ह्यांना सांगितलं, "काही नाही, टेन्शन आहे. त्यांचं मन रमवा." दुखणं माझं, आणि सांगणं ह्यांना!

शेवटी सोलापूरला गेलो. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंनी विचारलं, "मान वळवली की कळ कानात जाते का?" हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी तोंडात बोट घालून टॉन्सिलच्या जागी दाबलं आणि मी किंचाळलेच.

प्रत्येकाच्या कानाखाली, कवटीच्या तळाला, सुईसारखं एक हाड असतं. साधारण अडीच सेंटिमीटरचं. ३ सेंटिमीटरच्या पुढं गेलं की लांब समजतात. अशा लांब हाडाच्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. थोड्यांनाच ते छळतं, त्यात बायका जास्त. अमेरिकेतल्या डॉ. वॅट ईगल यांनी १९३७ साली हे दुखणं मांडलं, म्हणून 'ईगल सिंड्रोम'. (गरुडाशी संबंध नाही, मुलानं विचारलंच!) जबड्याच्या एक्स-रेत हाड दिसतं, सीटी स्कॅनमध्ये नीट मोजता येतं. गोळ्या-इंजेक्शनांनी भागलं नाही तर ऑपरेशन करून ते आखूड करतात.

इतकं दुर्मिळ दुखणं चटकन सापडलं नाही, याचा मला राग नाही. राग आहे तो न तपासताच 'मनाचं आहे' म्हणण्याचा. पुरुषाचा घसा दोन वर्षं दुखला असता तर त्याला मन रमवायला सांगितलं असतं का? आणि मैत्रिणींनो, चूक माझीही आहेच. "घसा दुखतो" एवढं पुटपुटून मी गप्प बसायची, पुढचं सगळं हेच बोलायचे. केव्हा दुखतं, कुठं दुखतं, कळ कुठवर जाते, हे यांना कसं ठाऊक असणार?

मागच्या तपासणीला मी एकटीच एस.टी.नं जाऊन आले. ऑपरेशन संक्रांतीनंतर आहे. तोवर हुरडा खाऊन घेणार, हळूहळू, डावीकडून.