दूरशिक्षण : पदवीला मान्यता, विद्यार्थ्याला सोबत कधी?

जून आणि डिसेंबर हे दोन महिने देशातील लाखो घरांत परीक्षेचे असतात. मात्र ही परीक्षा बहुतेकदा मुलांची नसून घरातील कर्त्या माणसाची असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजेच इग्नूच्या सत्रान्त परीक्षा याच महिन्यांत होतात. रात्रपाळी संपवून परीक्षा केंद्रावर पोहोचणारा सुरक्षारक्षक, विवाहामुळे शिक्षण सुटलेली गृहिणी, पदोन्नतीसाठी पदवी आवश्यक असलेला लिपिक असे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. वर्षभर त्यांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते.

भारतात पत्रद्वारे शिक्षणाचा प्रारंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केला. १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८५ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये इग्नू अस्तित्वात आले. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद या संपूर्ण चळवळीचे सार सांगणारे आहे.

ज्ञान घरापर्यंत पोहोचविण्यात देशाने उल्लेखनीय प्रगती केली, यात शंका नाही. छापील पुस्तकांपाठोपाठ २००० मध्ये ज्ञानदर्शन वाहिनी सुरू झाली आणि २००४ मध्ये शिक्षणासाठी वाहिलेला एज्युसॅट उपग्रह अवकाशात गेला. आज अध्ययन साहित्य भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहे.

पदवीच्या दर्जाचा वादही बऱ्याच अंशी मिटला आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता नाकारली, तेव्हा दूरशिक्षणाच्या विश्वासार्हतेविषयी प्रश्न उपस्थित झाले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी एका नियमित पदवीसोबत दुसरी पदवी दूरशिक्षणाने घेण्याची मुभाही मिळाली.

तथापि, मान्यतेचा प्रश्न सुटला म्हणजे विद्यार्थ्याचा प्रश्न सुटला, असे नव्हे. त्याची खरी अडचण पुस्तकांची नसून वेळेची आणि सोबतीची आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या तरुणाला तासिकांचे वेळापत्रक असते आणि घरचे लोकही त्याचा आदर करतात. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला वेळ चोरावा लागतो. पहाटे स्वयंपाकाआधीचा एक तास, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर अर्धा तास, मुले झोपल्यावर डोळा लागेपर्यंतची काही पाने, हेच त्याचे महाविद्यालय. 'या वयात आता शिकून काय करणार?' या प्रश्नाचे उत्तर त्याला इतरांना द्यावे लागते, आणि एखादा विषय पुन्हा अनुत्तीर्ण झाला की स्वतःलाही.

इग्नूची कला शाखेची पदवी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पूर्ण करता येते. ही लवचीकता कष्टकरी विद्यार्थ्यासाठी वरदान आहे. पण तिचीच दुसरी बाजू अशी की, आजचा अभ्यास उद्यावर ढकलला तरी कोणी विचारत नाही. विषय साचत जातात आणि एके दिवशी विद्यार्थी निमूटपणे थांबतो. त्याची रिकामी जागा कोणाला दिसत नाही, कारण त्याचा वर्गच नव्हता.

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील संवाद टिकावा म्हणून दूरशिक्षणात दोन व्यवस्था योजलेल्या आहेत. एक गृहपाठ आणि दुसरी अभ्यासकेंद्रावरील संपर्क सत्रे. विद्यार्थ्याने हाताने लिहिलेल्या उत्तरावर शिक्षकाने शेरा द्यावा आणि त्यातून पुढील अभ्यासाला दिशा मिळावी, हा गृहपाठाचा मूळ हेतू. प्रत्यक्षात बाजारात तयार उत्तरे विकत मिळतात. ती उतरवून काढली की गुण पदरात पडतात. शेरा मात्र क्वचितच हाती येतो. ही केवळ लबाडी मानणे अन्यायाचे ठरेल. आपले लिहिलेले कोणी वाचणार आहे, असा विश्वास नसेल, तर थकलेला माणूस स्वतःचे उत्तर कशासाठी लिहील? संपर्क सत्रे बहुधा सुट्टीच्या दिवशी होतात आणि अनेक विषयांत ती ऐच्छिक असतात. ज्याला सुट्टीच मिळत नाही, त्याच्यासाठी ती असून नसल्यासारखी.

महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण आहे. राज्य विद्यापीठांना दूरशिक्षण आपल्या राज्याच्या सीमेतच देता येते. त्यामुळे इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथील मराठी भाषकाला नाशिकच्या विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र आपल्या शहरात मिळत नाही, आणि इग्नूचे बहुसंख्य अभ्यासक्रम हिंदी व इंग्रजीत आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमांना ही सीमा लागू नाही. मराठीतून असे अभ्यासक्रम वाढल्यास हा अडसर काही प्रमाणात दूर होऊ शकेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील पट नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. दूरशिक्षणावाचून हे उद्दिष्ट गाठणे कठीण आहे. परंतु नोंदणीचा आकडा म्हणजे शिक्षण नव्हे. किती जणांनी प्रवेश घेतला याबरोबरच किती जण वाटेत थांबले आणि का थांबले, याची विचारपूस अभ्यासकेंद्रांनी केली पाहिजे. गृहपाठ वेळेत, शेऱ्यासह परत मिळणे, कामाच्या वेळा पाहून सत्रे ठेवणे, एकाच परिसरातील विद्यार्थ्यांची परस्परांशी गाठ घालून देणे या गोष्टींना उपग्रह लागत नाही. ज्ञानगंगा घरोघरी पोहोचली आहे. आता त्या घरात रात्री उशिरा एकट्याने पुस्तक उघडणाऱ्या माणसाची दखल घेण्याची गरज आहे.