पहिला मोहोर

पहाटेची विरार लोकल भाईंदरच्या मिठागरांजवळून जाते, तेव्हा डब्यात क्रिकेटचे किट सांभाळत बसलेली पोरे दिसतात. अशीच लोकलची दगदग सोसून विरारचा आयुष म्हात्रे 2025 मध्ये, वयाच्या 17 व्या वर्षी, चेन्नईकडून आयपीएल खेळला.

सात सामने, 240 धावा. बंगळुरूविरुद्ध तर 48 चेंडूंत 94! पीक उत्तमच. पण बारकाईने पाहा: सातपैकी चार डाव 30 ते 43 धावांतच संपले. पेरणी झकास, कापणी अर्धी. आदल्या वर्षी रणजीत महाराष्ट्राविरुद्ध यानेच 176 काढल्या होत्या. म्हणजे तग धरण्याची ताकद अंगात आहे.

विरारच्याच पृथ्वी शॉने 2018 मध्ये पहिल्या कसोटीत 134 केल्या. पाच कसोट्या झाल्या आणि 2020 च्या अखेरीस जागा गेली.

आंब्याच्या नव्या कलमाचा मोहोर आपण खुडतो, तो झाडावरच्या रागाने नव्हे, खोड भरावे म्हणून. कुठल्याही पोराची खरी परीक्षा दुसऱ्या हंगामात, गोलंदाजांनी त्याला ओळखल्यावर. तोवर घरच्यांनी हारतुरे बेताने घालावेत आणि शाळेचे दप्तर खुंटीला टांगू नये.