दाखल नोंदवहीत बाई कुठे?

१९५६ साली एअर इंडियाने एका तरुण चित्रकर्तीकडून सहा चित्रं विकत घेतली. प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना. (नये पैसे १९५७ साली आले, तेव्हा हिशेब ८७ रुपये आठ आण्यांचा.) चित्रकर्तीचं नाव बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेला गावची मुलगी. आधी नागपूरला आणि मग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली. सहाही चित्रांत बायका होत्या. त्या सहा चित्रांपासून एअर इंडियाचा संग्रह सुरू झाला. पुढे त्यात हुसेन आले, गायतोंडे आले, अंजली इला मेनन आल्या, शिवाय जुनी वस्त्रं, कोरीव दरवाजे, दगडी मूर्ती. होता होता तो चार हजारांवर वस्तूंचा झाला. २०२२ च्या जानेवारीत विमान कंपनी टाटांकडे गेली, पण संग्रह सरकारकडेच राहिला. २०२३ साली तो दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे, ज्याला सगळे एनजीएमए म्हणतात, सोपवण्यात आला.

मैत्रिणींनो, आपल्या अंकात चित्रांच्या खरेदीचं काय काम, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. वस्तीत पाणी नाही, पोटगीच्या तारखा पडताहेत, आणि ही बाई कलादालनाच्या गप्पा सांगते आहे! पण सार्वजनिक कलादालन सार्वजनिक पैशावर चालतं. रेशन दुकानाचा साठा फलकावर लिहा, असं आपण मोर्चे काढून मागितलं. मग देशाच्या स्मृतीचा साठा कोण भरतं, कोण सांभाळतं आणि त्यात बायका किती, हे विचारायला आपण का लाजायचं? चित्रकला म्हणजे शिकल्या-सवरलेल्यांची चैन, असं म्हणून हा प्रांत आपण सोडून दिला. सोडलेल्या प्रांतात काय होतं, हे आपल्याला चांगलंच माहीत आहे.

संग्रह वाढतो तो चार वाटांनी. खरेदी, देणगी, एका सरकारी खात्याकडून दुसऱ्याकडे हस्तांतर, आणि काही काळापुरतं उसनं. वस्तू आत आली की तिला क्रमांक मिळतो आणि ती नोंदवहीत चढते. ग्रंथालयात या वहीला दाखल नोंदवही म्हणतात, संग्रहालयातही ती तशीच असते. कुणाची कृती, कोणतं साल, कुणाकडून आली, कितीला, आज कुठे आहे, कुठल्या अवस्थेत आहे. आपल्या छोट्या-छोट्या संस्थांतसुद्धा डेड स्टॉक रजिस्टर असतं. ऑडिटर आला की आपण खुर्च्या मोजतो, एखादी कमी भरली तर घाम फुटतो. एअर इंडियाची चित्रं मात्र कार्यालयांच्या भिंतींवर पसरलेली होती. २०१७ साली चित्रकार जतिन दास यांना आपलंच, एअर इंडियाने घेतलेलं, एक चित्र बाजारात विक्रीला आल्याचं कळलं, तेव्हा कुठे शोधाशोध आणि मोजणी सुरू झाली. नोंदवही ही कंटाळवाणी गोष्ट खरी, पण वस्तू हरवली की ती हरवली हे कळतं नोंद असेल तरच. घटस्फोटाच्या प्रकरणात स्त्रीधनाची यादी नसली की काय होतं ते आठवा.

आता खरेदीचं बघू. एखादी समिती बसते, चित्रं बघते, शिफारस करते. ऐकायला निर्मळ वाटतं. पण समितीच्या नजरेला येण्यासाठी चित्रकर्तीकडे काय काय असावं लागतं? आधी प्रदर्शनं हवीत, त्यासाठी दालनाचं भाडं हवं. मोठं चित्र करायला मोठी भिंत हवी. कामाचे नीट फोटो, नीट यादी हवी. आणि सलग दहा-पंधरा वर्षं काम हवं. लग्नानंतर गाव बदललं, मूल झालं, सासू अंथरुणाला खिळली, म्हणून ज्या बाईच्या कामात आठ वर्षांचं भोक पडलं, तिचं काम ‘विखुरलेलं’ दिसतं. पुरुषाचा मात्र ‘कालखंड’ असतो. ‘आम्ही बाई-पुरुष बघत नाही, फक्त दर्जा बघतो,’ हे वाक्य नोकरीच्या मुलाखतींत, साहित्य संमेलनात, पक्षाची तिकिटं वाटताना, सगळीकडे आपण ऐकलेलं आहे. दर्जा हवाच. प्रश्न एवढाच आहे की दर्जा बघायला समिती कुणाच्या घरापर्यंत पोचली.

देणगीची वाट तर याहून बोलकी आहे. चित्रकार जातो आणि मागे ट्रंका उरतात. त्या कोण सांभाळतं? बायको, मुलगी, बहीण. वाळवी लागू न देणं, पावसाळ्यात कागद उन्हात घालणं, विकून टाका म्हणणाऱ्या भावांना थोपवणं, संशोधक आला की चहा करून पुन्हा सगळं उलगडून दाखवणं, हे अनेक वर्षांचं बिनपगारी काम. अंबिका धुरंधर यांचं उदाहरण घ्या. जन्म १९१२ चा. रावबहादूर धुरंधरांची ही मुलगी स्वतः जे. जे. मध्ये शिकली, तिथून पदविका मिळवणाऱ्या पहिल्या मोजक्या मुलींपैकी एक. वडिलांचा ठेवा त्यांनी आयुष्यभर जपला. २००९ साली त्या गेल्या. आज एम. व्ही. धुरंधर हे नाव कलेच्या इतिहासात पक्कं आहे. पण त्यांच्या मुलीची चित्रं पाहिलेल्या किती जणी आपल्यात आहेत? घरात एकच ठेवा जपायची ताकद असेल तर तो बापाचा जपला जातो, आणि हे मुलगीच आपणहून करते. गोव्यातलं उदाहरण थोडं बरं आहे. ए. एक्स. त्रिंदाद आणि त्यांची मुलगी अँजेला त्रिंदाद, दोघांचं काम पणजीत फुंदासाव ओरिएंतमध्ये एकत्र पाहायला मिळतं. बाप-लेकीला एका छताखाली जागा मिळाली की लेकीचं काम आपोआप डोळ्यांत भरतं, त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही.

दिल्लीत जयपूर हाऊसमध्ये २९ मार्च १९५४ रोजी एनजीएमए सुरू झालं. या संग्रहालयाचा मानाचा ऐवज म्हणजे अमृता शेरगिल. १९४१ साली लाहोरला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली, पण तिची शंभरावर चित्रं आज तिथे आहेत. मग तक्रार कशाची, असं कुणी म्हणेल. तक्रार अशी, की ‘आमच्याकडे अमृता आहे ना’ हे वाक्य ‘आमच्या समितीत एक बाई आहे ना’ या वाक्याचं सख्खं भावंड आहे. १९७२ च्या कायद्याखाली सरकारने नऊ चित्रकारांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर केल्या. त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. त्या नऊ जणांत रविवर्मा आहेत, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आहेत, नंदलाल बोस आहेत, जामिनी रॉय आहेत. बाई एकच, अमृता. १९७९ नंतर या यादीत भर पडलेली नाही. नसरीन मोहमदी १९९० साली गेली, बी. प्रभा २००१ साली. पंचायतीत आपण तेहेतीस टक्के मागितले, पन्नास घेतले. कलानिधीत नवात एक म्हणजे अकरा टक्के, आणि कुणी हूं की चूं केलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या बचत गटाच्या वीसेकजणींना घेऊन मी मुंबईतल्या एका कलादालनात गेले होते. बूट-चपला बाहेर काढायच्या का, इथपासून चर्चा. आमच्यातल्या एक मावशी मच्छी विकतात. डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीच्या चित्रापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, हिचं नाव काय लिवलंय हो?” मी चिठ्ठी वाचली. चित्रकाराचं नाव होतं, साल होतं, तैलरंग होतं, क्रमांक होता. चित्राचं नाव होतं ‘कोळीण’. “म्हंजे हिचं नाव नाहीच,” मावशी म्हणाल्या, “आणि उभं राहायचे पैशे तरी दिले आसतील का तिला?” एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

चित्रात बाई भरपूर असते. पाणी भरणारी, नटणारी, वाट बघणारी, उघडी. चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीत ती नसते. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘गुरिल्ला गर्ल्स’ नावाच्या गटाने गोरिलाचे मुखवटे चढवून हेच केलं. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाऊन सरळ मोजणी केली आणि आकडे भित्तिपत्रकावर छापले. आधुनिक कलेच्या विभागात स्त्री-कलाकार पाच टक्क्यांहूनही कमी, पण नग्नचित्रांतल्या देहांपैकी पंच्याऐंशी टक्के बायकांचे. त्यांना कुठला मोठा अभ्यासप्रकल्प लागला नाही. पेन आणि वही पुरली. बाल्टिमोरच्या संग्रहालयात ९५,००० वस्तूंपैकी बायकांच्या फक्त चार टक्के निघाल्या, तेव्हा त्यांनी २०२० हे वर्ष फक्त बायकांच्या कृती विकत घेण्याचं म्हणून जाहीर केलं. एका वर्षाच्या व्रताने शंभर वर्षांचं पाप फिटत नाही, पण निदान आपल्याच नोंदवहीतला आकडा त्यांनी चारचौघांत सांगितला.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. बायकांनी भिंतींवर, जमिनीवर, कापडावर जे केलं ते ‘कला’ या दालनात येतच नाही, ते ‘हस्तकला’ होतं आणि वेगळ्या इमारतीत जातं. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाष्णी लिहायच्या. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे कागदावर चित्रं काढू लागले आणि वारली चित्र जगभर गेलं. त्यांची थोरवी निर्विवाद आहे, पद्मश्रीही योग्यच. पण त्यांच्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या एकीचंही नाव कुठल्या नोंदवहीत चढलं नाही, कारण भिंतीला दाखल क्रमांक देता येत नाही. बिहारच्या मिथिलेतली गंगादेवी त्या मानाने नशीबवान, तिला नाव मिळालं, १९८४ साली पद्मश्री मिळाली. कॅन्सरवर उपचार चालू असताना तिने दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात कोहबर घर, म्हणजे नवरा-नवरीची खोली, रंगवली. १९९१ साली ती गेली. २०१५ साली नूतनीकरणात ती खोली नष्ट झाली. सरकारी संग्रहालयात, चोरी नाही, आग नाही, पूर नाही, आणि तरीही. एखाद्या नामवंत पुरुष चित्रकाराच्या भिंतीला हात लावण्याआधी किती फायली फिरल्या असत्या!

निर्णय कोण घेतं हा मुद्दा इथे येतो. मुंबईत रीगलसमोरच्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ साली एनजीएमएची शाखा उघडली, तिची सुरुवातीची धुरा सरयू दोशी या बाईंकडेच होती, हे नोंदवायला हवं. तिथे स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती असे. २०१९ च्या फेब्रुवारीत प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनात अमोल पालेकरांनी जाहीरपणे सांगितलं, की मुंबई आणि बंगळूरच्या या समित्या आदल्या नोव्हेंबरपासून राहिलेल्या नाहीत आणि आता निर्णय दिल्लीतून होणार आहेत. त्यांचं भाषण मध्येच अडवलं गेलं, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. त्या दिवसांत चर्चा झाली ती भाषणस्वातंत्र्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्यांनी उचललेला समितीचा मुद्दा मागेच पडला. स्थानिक समितीत बसणाऱ्याला निदान माहीत असतं, की दादरला कुणाच्या माळ्यावर कुठल्या बाईची चित्रं पडून आहेत. दिल्लीच्या फायलीला ते कसं कळावं? अर्थात स्थानिक समित्यांनी बायकांसाठी फार मोठे दिवे लावले असा माझा दावा नाही. त्याही ओळखीपाळखीवर चालतात. पण जवळच्या समितीला निदान गाठता येतं, जाब विचारता येतो.

आणि आपली स्वतःची चित्रं? हुंडाविरोधी, बलात्कारविरोधी मोर्चांतली पोस्टर्स, शिबिरांत रात्रभर जागून रंगवलेले कापडी फलक. दिल्लीच्या ‘झुबान’ प्रकाशनाने ‘पोस्टर विमेन’ या प्रकल्पात देशभरच्या चळवळीची पोस्टर्स गोळा केली, ते मोठंच काम. सरकारी कलादालनाने मात्र यांना चित्र मानलेलं मला दिसलेलं नाही. आपणही ती कपाटावर गुंडाळून ठेवलीत, वर सतरंज्या.

आमच्या गटाने आता एक अर्ज तयार केला आहे, इतर गटांनीही आपापल्या भागातल्या कलादालनाला तो पाठवावा. राज्याच्या आणि महापालिकेच्या संग्रहालयांनाही चालेल. अर्जात मागितलं आहे ते असं. गेल्या दहा वर्षांत किती कृती विकत घेतल्या आणि त्यांतल्या स्त्रियांच्या किती, दोन्हींसाठी खर्च किती. समितीवर कोण आहे, ती शेवटची कधी बसली. नोंदवहीप्रमाणे प्रत्यक्ष मोजणी शेवटची कधी झाली. भिंतीवर किती, कोठारात किती. एनजीएमएच्या अर्जात एक प्रश्न जास्तीचा घातला आहे. एअर इंडियाकडून आलेल्या संग्रहात बी. प्रभांची चित्रं किती, त्यांचे दाखल क्रमांक कोणते आणि १९५६ ची सहा त्यांत आहेत का. केंद्राच्या कार्यालयाला माहिती अधिकाराच्या अर्जाची फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. मच्छीवाल्या मावशींनी सही करायचं कबूल केलं आहे. त्यांचा प्रश्नही शेवटी जोडला आहे: व्यक्तिचित्रांतल्या किती बायकांची नावं नोंदवहीत आहेत?