उबेला हवी वेसण

शाळेच्या पुस्तकातला ‘शीत रक्ताचे प्राणी’ हा शब्दप्रयोग आपल्या डोक्यात इतका घट्ट बसला आहे की, साप म्हणजे थंडगार आणि त्याला थंडच मानवणार, अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक सापाचे रक्त स्वभावतः थंडही नसते आणि गरमही नसते. तो ज्या जागी बसला असेल त्या जागेचे तापमान ते त्याचे तापमान. आपण भाकरी खातो आणि तिच्यातून अंगात ऊब तयार करतो. सापाला ती बाहेरून घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटात कुजू लागतो, साप तो ओकून टाकतो, छाती भरून येते. रानातला साप उन्हात येऊन, दगडाखाली जाऊन, बिळात शिरून आपले आपण भागवतो. काचेच्या पेटीतल्या सापाचे कोणाला तरी भागवावे लागते.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये साप पाळणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेतला कॉर्न स्नेक आणि पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, म्हणजे इथल्या भाषेत रॉयल पायथन, हे दोघे विशेष लोकप्रिय. दोन्ही बिनविषारी. त्यातला पायथन घाना, टोगो, बेनिन या देशांतला. बेनिनमधल्या उइदा गावी तर या अजगरांचे देऊळच आहे. आपल्या नागपंचमीसारखे वर्षातून एक दिवस नव्हे, बारा महिने त्यांचा मान राखला जातो. त्याच मुलखातून हे अजगर फार मोठ्या संख्येने परदेशी पाठवलेही जातात. असो.

परवा शेजारच्या घरी बारा वर्षांच्या मुलासाठी असा एक पायथन आला. पेटी, खाली घालायची विजेची हीट मॅट, लाकडाचा भुसा, पाण्याचे भांडे, सगळे दुकानदाराने बरोबर दिले. थर्मोस्टॅट तेवढा दिला नाही. मुलाच्या आईने विचारले तेव्हा, “मॅट लहानच आहे, तशीच चालते,” असे उत्तर मिळाले. माझा राग आहे तो या उत्तरावर.

थर्मोस्टॅट म्हणजे काही अगम्य यंत्र नव्हे. आपल्या इस्त्रीत, गीझरमध्ये, फ्रिजमध्ये तो असतोच. ठरवलेले तापमान आले की वीज तोडायची, उतरले की पुन्हा जोडायची, एवढेच त्याचे काम. तो काढून टाकलेली इस्त्री रेशमी साडीवर फिरवायला कोणी धजेल का? मॅट लहान असली तरी ती सतत चालू राहते, आणि वर भुसा, मोठा दगड किंवा भांडे असले की उष्णता खालीच कोंडते. पृष्ठभाग ४० अंशांच्या पलीकडे सहज जातो. आपला हात तव्याला लागला की झटकन मागे येतो. साप पुष्कळदा तसा हलत नाही. ऊब शोधत आलेला तो भाजत असतानाही तिथेच पडून राहतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पोटाकडून भाजलेले साप काही नवे नाहीत. ती जखम भरायला महिने लागतात, मध्ये कितीतरी वेळा कात टाकून होते, आणि व्रण राहतो तो राहतोच.

थर्मोस्टॅट आणला म्हणजे काम संपले असेही नाही. त्याच्या वायरच्या टोकाला तापमान मोजणारी बोंडी असते, प्रोब. सगळी मदार तिच्यावर. ती मॅटवर, नेमक्या तापणाऱ्या जागी पक्की बसवावी लागते. सापाने अंग घासून ती उपसली आणि गार कोपऱ्यात नेऊन टाकली, तर थर्मोस्टॅटला वाटते पेटी गारठली आहे, आणि तो इमानेइतबारे वीज सोडतच राहतो. पाण्याच्या भांड्यात पडली तरी तेच. म्हणून प्रोबवर विश्वास टाकून न बसता दोन्ही टोकांना वेगळे तापमापक हवेत. पायथनला गरम टोक ३१-३२ अंश आणि गार टोक २५-२६ अंश असे दोन्ही लागते, कारण कुठे बसायचे हे त्याचे त्याला ठरवता आले पाहिजे. मॅट शक्यतो पेटीच्या तळाच्या अर्ध्याहून कमी भागाखाली असावी. वरून दिवा लावायचा असेल तर प्रकाश कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट घ्यावा, नाहीतर दिवा दिवसभर उघडझाप करीत राहतो. आणि दिव्याला जाळीचे आवरण हवेच, साप त्याला वेटोळे घालतो. वीज लावून तापवायचे कृत्रिम दगड मिळतात, ते कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत.

खर्चाची तक्रार नेहमीची. साध्या थर्मोस्टॅटला तीस-चाळीस पौंड पडतात. ज्याला ते जड वाटतात त्याला वीस-पंचवीस वर्षे जगणारा अजगर परवडणार नाही, हे मी स्पष्टच म्हणतो. २०२२ साली इथे विजेचे दर भडकले तेव्हा पाळलेले साप-सरडे नकोसे झालेली घरे काही कमी नव्हती. इथल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने पाळीव प्राण्याला योग्य निवारा देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. माझ्या मते विकणाऱ्यावरही थोडी टाकायला हवी. रेग्युलेटरशिवाय गॅसची शेगडी कोणी जोडून देत नाही; थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट विकायलाही बंदी असावी.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे सारे लांबचे वाटेल. पण बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात बॉल पायथन सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वरचेवर येतात, तेव्हा ते कोणाच्या तरी दिवाणखान्यासाठीच येत असणार. नाग, धामण किंवा आपला अजगर घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथनसारखा परदेशी प्राणी जवळ असेल तर २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. “आपल्याकडे कुठे थंडी?” हे उत्तर तिथेही ऐकू येईल. पुण्यातली डिसेंबरची पहाट आणि वातानुकूलित खोली, दोन्ही पायथनला गारच. उलट नागपूरच्या मे महिन्यात थर्मोस्टॅट फार तर हीटर बंद करील, खोली गार करणे त्याच्या हातात नाही. वीज गेल्यावर काही तास गारठलेला साप बहुधा निभावून नेतो. तेवढेच तास ४५ अंशांत कोंडलेला साप वाचत नाही.

शेजारच्या मुलाने आता थर्मोस्टॅट आणला आहे. साप सध्या एका अनुभवी ओळखीच्यांकडे आहे आणि पेटी आठवडाभर रिकामीच चालू आहे. सकाळ, दुपार, रात्र अशी दोन्ही टोकांची तापमाने तो वहीत लिहितो. काल पहाटे गरम टोक २८ वर उतरले होते. खिडकीची फट निघाली.