इथे गुरं चरतात का रे?

गडावर स्पीकर वाजवणाऱ्यांवर मी इथे लिहिताना कितीदा चिडले आहे, ते तुम्ही जाणता. या आठवड्यात लंडनच्या दक्षिणेला, सरेमधल्या बॉक्स हिलवर गेले होते. तिथे स्पीकर नव्हता, तरी चिडूनच खाली उतरले.

टेकडी 224 मीटरची, खडूच्या पांढऱ्या खडकाची. उतारावर बॉक्सची सदाहरित झाडं, पायथ्याशी मोल नदी. 1914 मध्ये लिओपोल्ड सॉलोमन्स यांनी इथली जमीन विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली, म्हणून ती आज सर्वांची आहे.

माथ्यावर एक मराठी कुटुंब होतं. सुट्टीत मुलाकडे आलेली आई उत्साहाने बोलत होती. हवा महाबळेश्वरची वाटते, गवत किती आखूड, "इथे गुरं चरतात का रे?" मुलगा म्हणाला, "आई, पुरे ना आता. फोटो काढू दे." त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

तिथल्या सगळ्या गर्दीत खरा प्रश्न त्यांनीच विचारला होता. हो, चरतात. गुरं चरतात म्हणूनच इथले माळ टिकून आहेत. चराई थांबली की झुडपं माजतात आणि रानफुलं, फुलपाखरं जातात. गवताकडे पाहून हे ओळखायला आयुष्यभराची नजर लागते.

जेन ऑस्टिनच्या 'एमा' कादंबरीतली सहल याच टेकडीवर येते. खेळ असा, की प्रत्येकाने एक चतुर गोष्ट सांगायची, नाहीतर दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन अगदी रटाळ. गरीब, बडबड्या मिस बेट्स म्हणतात, मला तीन सहज जमतील. नायिका एमा सर्वांसमोर टोला हाणते: अडचण एवढीच, की तुम्हाला तीनवरच थांबावं लागेल. मिस बेट्सना ते उमगायला क्षणभर लागतो आणि मग त्या स्वतःलाच दोष देतात. मला हे सर्वांत जास्त लागतं. एमाचे जुने स्नेही मि. नाइटली तिला खडसावतात, ते तिच्या विनोदासाठी नव्हे. परिस्थितीने आपल्याहून दुबळ्या असलेल्या बाईवर तो केला म्हणून.

परदेशातल्या मुलाकडे आलेली आई अशीच असते. रस्ते, पैसे, भाषा सगळं मुलाच्या हाती; तिच्याकडे फक्त बोलणं असतं. तेही तोडलं तर तिने करायचं काय?

एमा दुसऱ्या दिवशी सकाळी मिस बेट्सच्या घरी गेली. या मुलाला तेवढंही चालावं लागणार नाही. आई त्याच्याच घरात आहे.